डोंगर अजून तिथंच आहे

वाशीला आमच्या ऑफिसात माझं काम एवढंच, की ज्याची तक्रार आली आहे त्याला ती आल्याचं कळवायचं. कुणाचा फ्रिज गार होत नसतो, कुणाचं वॉशिंग मशीन घरभर पाणी करतं. माणूस चिडून लांबलचक लिहितो आणि मी त्याला उत्तर पाठवते, 'आपली तक्रार योग्य विभागाकडे दिली आहे, लवकरच कळवू.' योग्य विभाग कुठं बसतो हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. तो बहुधा वरच्या मजल्यावर असावा, कारण खालच्या मजल्यावर कँटीन आहे.

तेव्हा 'लवकरच' हा शब्द काय लायकीचा आहे हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीसुद्धा एका परदेशी कंपनीच्या 'लवकरच'वर मी चार वर्षं डोळे लावून बसले. हलवायानं दुसऱ्याच्या दुकानातली शिळी मिठाई ताजी म्हणून घ्यावी, तसं झालं.

खेळ विमान उडवायचा होता. कॉम्प्युटरवर, इंटरनेटवरून, जगभरच्या लोकांबरोबर. खाली सगळी पृथ्वी जशीच्या तशी, उपग्रहातून काढलेल्या चित्रांची, वर आपण. मी परभणीची. आमच्या घरात विमानात बसलेलं कुणी नव्हतं, आणि मी एकदम कॅप्टन झाले. पहिल्या वर्षी मी परभणीवरून विमान नेलं, खाली बस स्टँड दिसला, आणि खरंच सांगते, माझे डोळे भरून आले. पुढं ते भरून येणं बंद झालं. त्याचं कारण आमचा गट.

असे खेळ खेळणारे लोक एकत्र येऊन खोट्या विमान कंपन्या काढतात. आमचीही होती. तिचे मुख्य कॅप्टन सानपाड्याच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी. सोसायटीत लोक त्यांचं ऐकत नाहीत, म्हणून त्यांनी ही विमान कंपनी काढली असावी. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' हे त्यांच्या प्रत्येक निरोपाचं पहिलं वाक्य. दर महिन्याला ठरावीक तास उडायलाच हवं. नाही उडालं तर हुद्दा खाली. आजारी पडलात तर रजेचा अर्ज, तोही आधी. वैमानिकाचा पांढरा शर्ट घालून फोटो पाठवायचा. खालची लुंगी दिसली तर फोटो परत. एका सभासदानं लग्नाची रजा मागितली तेव्हा 'पर्यायी वैमानिकाची व्यवस्था करून जावे' असं उत्तर आलं. तो बिचारा मुलीकडच्यांना काय सांगणार?

आणि आम्ही हे सगळं निमूट करायचो. पगार नाही, पेन्शन नाही, उलट कॉम्प्युटरची वीज आपली. ऑफिसातून घरी यायचं, पोळी-भाजी करायची आणि दुसऱ्या ऑफिसात जाऊन बसायचं. मुंबईहून नागपूरला विमान न्यायचं म्हणजे सुरुवातीला दहा बटणं आणि शेवटी दहा बटणं. मध्ये विमान आपलं आपण जातं. मध्ये मी लसूण सोलायचे. विदर्भावर मी इतका लसूण सोललाय की विचारू नका. वर नियंत्रण कक्षात, म्हणजे त्यांच्या भाषेत टॉवरवर, आमचेच एक सभासद बसायचे. दिवसा ते जुईनगरला लोकांचे दात काढतात. टॉवरवरूनही त्यांचा आवाज तसाच, मऊ आणि धीर देणारा. 'थोडं डावीकडे घ्या, हं, झालंच आता.' मला प्रत्येक वेळी तोंड उघडावंसं वाटायचं.

त्यात अपडेटची वाट. आमच्या भागात खरं विमानतळ झालं. त्यासाठी डोंगर कापला, डोंगराखालची गावं उठवून दुसरीकडे वसवली, भराव घातला, आणि आता विमानं सुरू आहेत. शिरवण्याला मी ज्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहते तिच्या गच्चीवरून ती दिसतात. खेळात मात्र यातलं काही नव्हतं. खेळात डोंगर होता, झाडी होती, खाडी होती. जगातली सगळी विमानतळं त्या परदेशी कंपनीला सापडली, आमचंच तेवढं सापडेना. एकदा मुख्य कॅप्टनांनी खऱ्या विमानाच्या मागोमाग, त्याच वाटेनं उतरून दाखवायचं ठरवलं. खरं विमान उतरलं. मुख्य कॅप्टन डोंगरात शिरले. गटावर नोटीस लागली, 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की आजच्या दुर्घटनेस सर्वस्वी कंपनी जबाबदार आहे.' खाली एकानं त्यांच्या फोटोला हार घालून टाकला. त्याचे तास कापले.

कंपनी दर गुरुवारी प्रगतीची बातमी द्यायची. या आठवड्यात आम्ही ढगांच्या कडा मऊ केल्या. या आठवड्यात पंखावरचं पाणी जास्त ओलं दिसेल. एका गुरुवारी तर वैमानिकाच्या खुर्चीवरची शिवण किती हुबेहूब झाली आहे याचीच चित्रं आली, वेगवेगळ्या बाजूंनी. चार वर्षं वाट पाहणाऱ्या माणसाला तुम्ही खुर्चीची शिवण दाखवता? आम्ही सगळ्यांनी सह्या करून मोठी तक्रार पाठवली. उत्तर आलं, 'आपली सूचना योग्य विभागाकडे दिली आहे.' ते वाचून परगावात माहेरचं माणूस भेटावं तसं मला झालं. मी मोठ्यानं हसले, आणि हसून झाल्यावर मला एकदम सगळ्याचा कंटाळा आला. उडायचा, उतरायचा, त्या मऊ आवाजाचा, त्या नोटिशींचा. गट सोडायलाही अर्ज लागतो, म्हणून मी सोडला नाही. नुसता त्याचा आवाज बंद केला आणि निरोप बघणं थांबवलं. तास तेवढे भरायचे, हुद्दा जाऊ नये म्हणून. त्या हुद्द्याचं मी काय करणार होते, देव जाणे. पण हजेरीची सवय वाईट, मेल्यावरसुद्धा आपण अंगठा लावायला जाऊ.

असेच तास भरत होते. शनिवारची सकाळ होती. दार उघडं होतं आणि आमच्या मालकीणबाई आत आल्या.

मालकीणबाईंचं सासर शिरवणं. भातशेतीच्या जागी आता त्यांची चार मजली बिल्डिंग उभी आहे, तळमजल्यावर मालकांचं इस्टेट एजंटचं दुकान आहे आणि तिथं मालक दिवसभर पेपर वाचतात. बाकी सगळं मालकीणबाई बघतात. साठीच्या पुढच्या, आवाज खणखणीत, नजर अशी की नळ कुणाचा गळतोय ते जिन्यातून कळावं. मी त्यांना मावशी म्हणते. माझ्या खेळाला त्या 'इमान-इमान' म्हणायच्या.

"काय गो बाय, इमान-इमान खेलतस? लगीन कर, मंग कलंल खरा खेल काय असतो."

"मावशी, टाकीत पाणी नाहीये सकाळपासून," मी विषय बदलला.

वळून पाहिलं तर मावशी पडद्याकडे बघत होत्या. समोर डोंगर येत होता, मी सवयीनं त्याला वळसा घालत होते.

"ह्यो आमचा डोंगर हाय," त्या म्हणाल्या.

"हो, तोच. खेळात अजून तिथंच आहे. कंपनीनं बदललंच नाही काही."

"मंग त्याचे खाली आमचा गाव पन असल."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चार वर्षं आम्ही सगळ्यांनी त्या डोंगराला शिव्या घातल्या, पण त्याच्या पायथ्याशी काय आहे हे एकानंही वाकून बघितलं नाही. मावशींचं माहेर त्या उठवलेल्या गावांपैकी एक, हे मला माहीत होतं. भाड्याला आले तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं, 'माजे म्हायेरावरशी इमाना जातान.'

"थांबव," मावशी म्हणाल्या.

"विमान थांबत नाही मावशी. पडतं."

"मंग थांबनारा काय आन."

थांबणारं म्हणजे हेलिकॉप्टर. ते मला धड येत नव्हतं, आमच्या गटात त्याला मान नाही. मी ते आणलं, ते गरगरत सुटलं, मावशी पलंगावर बसून ओरडल्या, "भवऱ्यावर बसवलास का मना?" शेवटी कसंबसं खाडीच्या बाजूनं खाली घेतलं, आणि डोंगराच्या कुशीत गाव दिसलं.

गाव म्हणजे काय गाव! जमिनीचं चित्र खरं, जुनं, उपग्रहातलं. पण त्यावर घरं उभी करायचं काम कंपनीनं मशीनवर सोपवलेलं, आणि मशीननं आगरी गावात परदेशातले बंगले बसवले होते. लाल उतरती छपरं, दारात हिरवळ, प्रत्येक घराला धुरांडं.

मावशी हसून हसून बेजार झाल्या. "आमचे आयेला सांगाला होवा होता. जलमभर चुलीचा धूर डोल्यान घेतलान, आन हितं बग, धुराला येगला रस्ता!"

मग त्यांचं हसणं थांबलं. घरं खोटी होती, पण वाटा खऱ्या होत्या. तळं खरं होतं, तळ्याला वळसा घालून येणारा रस्ता खरा होता. मावशी उठल्या आणि पडद्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "ही येस. हितशी आत आला का बावरी. बावरीचे म्होरं पयला घर, ता आमचा." येस म्हणजे वेस, बावरी म्हणजे विहीर. त्यांचं बोट एका मोठ्या धुरांड्याच्या बंगल्यावर होतं. त्यांनी ते बोट बराच वेळ काढलं नाही.

त्यानंतर मावशींनी मला जे सांगितलं ते असं. गावदेवीची जत्रा झाली की पालखी वेशीतून आत यायची. वेशीवरच्या पहिल्या घरी ती थांबायची आणि त्या घरच्या माहेरवाशिणीनं देवीची पहिली ओटी भरायची. मावशी लग्न होऊन शिरवण्याला आल्या तरी दर जत्रेला जाऊन तो मान घेत होत्या, त्यांच्या आधी त्यांची आत्या घ्यायची. मग गाव उठलं. नव्या वसाहतीत प्लॉट सोडतीनं मिळाले. गावातलं पहिलं घर शेवटच्या गल्लीत गेलं आणि मावशींच्या चुलतभावाला रस्त्यावरचा कोपऱ्याचा प्लॉट लागला. पालखीला काय, रस्त्यावरून येते, पहिलं घर लागतं तिथं थांबते. तेव्हापासून चुलतभावाची मुलगी पहिली ओटी भरते. मावशींच्या माहेरी पालखी पोचते तोवर ढोलवाले थकलेले असतात आणि निम्मे लोक जेवायला गेलेले असतात.

"तेचा पन कायी नाय," मावशी म्हणाल्या. "सोडतीला कोन काय करल? पन दादूस आता बोलतो, जुने गावान पन तेचाच घर पयला होता. येस दुसरे अंगाला होती, असा बोलतो. माजे तोंडावर बोलतो!" दादूस म्हणजे थोरला भाऊ, हे चुलतभाऊ त्यांच्याहून मोठे. "जुनी मानसा गेली, हायेत ती दादूसचे म्होरं तोंड उघरत नाय. पोरांना ठावं नाय. अजून दोन वर्सा बोलल, मंग ताच खरा होल. मंग माजा बाप कंच्या घरान राहत होता?"

असं म्हणताना त्या रडल्या नाहीत, चिडल्या होत्या. मला त्यांचा राग फार आवडला. ऑफिसात मला येणारे राग फ्रिजचे असतात.

मी नकाशे काढून दिले. इंटरनेटवर जुने नकाशे मिळतात, वरून दिसणारे. पण वरून दिसणारं गाव गावच्या माणसाला ओळखू येत नाही. आपल्या घराचं छप्पर कुणी कधी वरून पाहिलेलं असतं? मावशींच्या भावांना ते चिंध्यांच्या गोधडीसारखं दिसलं. मग मी खेळातले फोटो काढून दिले, डोंगर मागं, तळं पुढं. मावशी ते घेऊन वसाहतीत गेल्या आणि तणतणत परत आल्या.

"दादूस बोलतो, फोटोन आता काय पन करतान. काल तेचे नातवानं तेला घोऱ्यावर बसवलान फोटोन. बोलतो, माजे डोल्याला दाखव, मना फिरव गावान, मंग मानीन."

"मग बोलवा त्यांना," मी म्हणाले. "फिरवते."

जत्रा जवळ आली होती. मावशींनी रविवार ठरवला. मी पूर्ण आठवडा गुपचूप हेलिकॉप्टर शिकले. तासांसाठी नाही, हुद्द्यासाठी नाही. वेशीतून आत शिरायचं, बावडीवर तरंगत थांबायचं, मग डोंगराकडे तोंड करून मावशींच्या अंगणात उतरायचं. शुक्रवारपर्यंत मला ते झोपेतही येऊ लागलं. शनिवारी हात लावला नाही, ठरवून, उद्या हात ताजा हवा म्हणून. परभणीच्या बस स्टँडनंतर पहिल्यांदाच मला उडावंसं वाटत होतं.

रविवारी दुपारी जेवणं उरकून मंडळी आली. दारात चपलांचा ढीग पडला. मावशींचे दोन सख्खे भाऊ, गरीब स्वभावाचे, बहिणीच्या मागं उभे राहणारे. गावचे आणखी तीन-चार म्हातारे, पंच म्हणून. आणि दादूस, पांढरा लेंगा-शर्ट, हातात काठी. ते सरळ माझ्या एकुलत्या एका खुर्चीवर बसले. मी स्टुलावर बसून कॉम्प्युटर लावला. खेळ उघडला.

पडद्यावर आलं, 'नवीन अपडेट आवश्यक.'

खाली एक पट्टी, आणि ती मुंगीच्या पावलानं भरू लागली. खेळाची कंपनी कधी नव्हे ती वेळेवर आली होती.

"काय झाला?" दादूस म्हणाले.

"चहा घ्या," मी म्हणाले.

चहा झाला, बिस्किटं झाली, पट्टी निम्मीसुद्धा भरली नाही. मी फोन काढून आवाज बंद केलेला गट उघडला. निरोपांचा पाऊस पडलेला होता. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की ऐतिहासिक क्षण आला आहे. नवी मुंबई विमानतळ आज खेळात दाखल झाले असून दुपारी उद्घाटनाचे पहिले विमान मुख्य कॅप्टन स्वतः उतरवतील. शर्ट अनिवार्य.' त्याखाली टाळ्या, फुलं, नारळ. त्याखाली कंपनीचं पत्रक. मी ते वाचत गेले. नवी मुंबई: धावपट्टी जोडली. टर्मिनल जोडलं. भूभाग सपाट केला. आणि मग शेवटची ओळ, 'कालबाह्य वस्त्या काढल्या.'

मी मावशींना दाराबाहेर जिन्यात नेलं आणि सांगितलं.

"कवा काढला?"

"आज सकाळी."

मावशींनी जिन्याच्या कठड्याला हात लावला. "पयल्या वेलंला नोटीस तरी आलती," त्या म्हणाल्या.

मला माझी लाज वाटली, कंपनीची वाटली, त्या टाळ्या आणि नारळांची वाटली. चार वर्षं आम्ही याच दिवसासाठी सह्या करत होतो.

"त्यांना परत पाठवू का?" मी विचारलं.

"येलेत तं बगूंदे काय हाय ता," म्हणून मावशी आत गेल्या.

खेळ सुरू झाला. मी हेलिकॉप्टर खाडीच्या बाजूनं आणलं, आठवडाभर गिरवलेल्या वाटेनं. डोंगर नव्हता. गाव नव्हतं, तळं नव्हतं, धुरांडी नव्हती. काळीभोर धावपट्टी होती, तिच्यावर पांढरे पट्टे, आणि बाजूला चकाचक काच. एका म्हाताऱ्यानं नुसतं 'हां' केलं.

दादूसांनी काठी टेकली. "ह्या तं इमानतल हाय. यान तुजे बापाचा घर कंचा गो?"

मावशी पडद्यापाशी गेल्या. खाडीचं वळण अजून होतं, तेवढं कंपनीनं ठेवलं होतं. त्यांनी त्या वळणाकडे पाहिलं, मग धावपट्टीवर एका जागी बोट ठेवलं. "हितं उतरव."

"मावशी, ती धावपट्टी आहे."

"उतरव बोलते ना."

मी उतरवलं. लगेच स्पीकरमधून मऊ आवाज आला. "हेलिकॉप्टर, आपण धावपट्टीवर आहात. कृपया बाजूला व्हा. उद्घाटनाचं विमान येतंय, हं."

खोटं वाटेल, पण माझ्या मनात पहिलं हेच आलं, हुद्दा जाणार! मी हेलिकॉप्टर उचलायला गेले तर मावशींनी माझं मनगट धरलं.

"कोन बोलतय?"

"टॉवर," मी म्हणाले.

मावशींनी माइक ओढून घेतला. "कंचा टॉवर? आमचे गावान टॉवर नव्हता."

टॉवर गोंधळला. दातांच्या दवाखान्यात त्यांना असं कुणी बोललं नसणार, तिथं लोकांच्या तोंडात कापूस असतो. "मॅडम, ही धावपट्टी आहे..."

"ह्यो माजे बापाचा अंगन हाय. आमी उठनार नाय."

म्हातारे खूश झाले. गाव उठलं तेव्हा ते सगळे रस्त्यावर बसले होते, त्यांना हे काम येत होतं. "नाय उठाचा!" एकानं आवाज दिला. सख्खे भाऊसुद्धा पुढं सरकले. तिकडून मुख्य कॅप्टनांचा आवाज आला, "कोण आहे ते? सर्व सभासदांना कळविण्यात येते की धावपट्टी ताबडतोब..." त्यांचं मोठं विमान पडद्याच्या कोपऱ्यात दिसू लागलं, दिवे लावून, चाकं सोडून, शर्ट घालून.

आणि या सगळ्यात दादूस काठी घेऊन खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. ते टॉवरवर चिडले नव्हते, मावशींवर चिडले होते.

"तुजे बापाचा अंगन हितं कंचा? ह्यो माजा खला हाय! आमचे भाताचे खल्यावर बसून बापाचा अंगन सांगतेस?"

"हाच अंगन," मावशी म्हणाल्या.

"नाय! खारीवरशी पाटाचा पानी हितं येत होता, ता आमचे खल्याला. मना शिकवतेस?" त्यांनी काठी पडद्यावर टेकवली आणि मला हुकूम सोडला. "ए पोरी, उठव. म्होरं घे. तल्याचे अंगाला. अजून. ही येस. अजून म्होरं. हां. ही बावरी. हितं तिचे बापाचा घर. आमचा खला सोरून बस काय बसाचा ता."

मी हेलिकॉप्टर तिथं टेकवलं. जमीन सोडायची नाही एवढं एकच दादूसांना त्या घडीला दिसत होतं. जमीन कुठली, तर कॉम्प्युटरमधली, डांबराखालची. पण खळं ते खळं.

म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. धाकट्या भावानं बहिणीकडे पाहिलं. मावशींनी पदर तोंडाशी धरला होता. त्यांचं बोट पहिल्यांदा खळ्यावर चुकून पडलं की कसं, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. दादूसांची काठी अजून पडद्यावरच होती. मग ती हळूहळू खाली आली.

मुख्य कॅप्टनांनी चाकं वर घेतली आणि ते आमच्या डोक्यावरून पुन्हा आभाळात गेले. मला गटातून काढल्याची नोटीस त्यांनी वरूनच लिहिली असावी, इतक्या लवकर ती आली.

"हेलिकॉप्टर," टॉवरचा आवाज आता मऊ राहिला नव्हता, "तुम्ही नक्की कुठं उभे आहात? जागा सांगा."

मावशींनी माइक दादूसांपुढं धरला. "तू सांग दादूस. तुना ठावं हाय."

दादूसांनी सगळ्यांकडे बघितलं. पंचांकडे, भावांकडे, मग त्या सपाट काळ्या धावपट्टीकडे. त्यांचा राग गेला होता. साठ-पासष्ट वर्षं ते ज्या गावात राहिले ते त्यांना तिथं दिसत असावं, कारण ते बराच वेळ बघत राहिले.

"येशीवर," ते म्हणाले. "पयला घर."

"कळलं नाही," टॉवर म्हणाला. "पुन्हा सांगा."

दादूस पुन्हा बोलले. या वेळी ते इतक्या मोठ्यानं बोलले की खाली दुकानात पेपर वाचणाऱ्या मालकांनाही ऐकू गेलं.